देवळाला दिलेली खोली

दानशूर म्हणावा असा माणूस मी एकच पाहिला. घाटकोपरच्या आमच्या चाळीत तो शेजारच्या खोलीत राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आरतीचं तबक समोर आलं की काकांचे डोळे भक्तीने मिटायचे आणि तबक पुढे गेलं की उघडायचे.

पंच्याऐंशी साली त्यांनी मला मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं. राहती खोली ते गल्लीतल्या देवळाला देणार होते. हे कळल्यापासून ट्रस्टी त्यांना रोज प्रसादाचं ताट पाठवत होते.

मी हळूच म्हटलं, "काका, पण खोली भाड्याची आहे ना?"

लाडू फोडत काका म्हणाले, "मला बाहेर काढायला मालकाने कोर्टात चपला झिजवल्या. आता देवाला काढून दाखव म्हणावं!"