दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांचं पान

"थांबा मॅडम, हात धुऊन येतो," म्हणून काका उठायचे. शाई लागली म्हणून नव्हे. आताच्या प्रुफांची शाई हाताला कुठे लागते? त्या पुस्तकाची चार-पाच पानं वाचली की त्यांना हात घाण झाल्यासारखे वाटायचे. साबण लावून, बोटांच्या बेचक्या चोळून, कोपरापर्यंत धुऊन यायचे आणि पुढचं पान ओढायचे. ऑफिसातले सगळे हसायचे. मीही हसायचे.

तेव्हा मी सिंगापुरात एका छोट्या प्रकाशन कंपनीत होते. बड्या लोकांची गुळगुळीत पुस्तकं काढायची हा आमचा धंदा. कुणाच्या कारखान्याची पन्नाशी, कुणाच्या आजोबांचं चरित्र. मोठ्या साहेबाची वाट बघत बसलात की समोरच्या टेबलावर असलं पुस्तक तुम्हीही पाहिलं असेल. उचलायला दोन हात लागतात आणि वाचलेलं कुणीच नसतं.

दोन हजार बारा-तेराच्या सुमाराला एका देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून काम आलं. एके काळी कम्युनिस्ट असलेला देश. नाव सांगत नाही, कारण तसं लिहून दिलंय मी. कम्युनिस्ट राजवट गेल्यापासूनचा त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाचा इतिहास त्यांना इंग्रजीत छापून हवा होता. मूळ कागद त्यांच्या भाषेतले. ती भाषा येणारा माणूस सिंगापुरात मिळेना, आणि मिळाला तो नागपूरचा!

काका ऐंशीच्या दशकात सरकारी शिष्यवृत्तीवर त्या देशात गेले होते. सात वर्षं राहून इंजिनियर होऊन परतले. बायको गेलेली, मुलगी नागपुरात शाळेत शिकवायची. आमच्या कंपनीने त्यांना एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरीला राहायचा परवाना, काढून दिला आणि ते क्लेमेंटी भागात दोन पीएचडीच्या पोरांबरोबर खोली घेऊन राहिले. मूळ कागद आणि इंग्रजी मजकूर ताडून बघायचा, प्रत्येक पानावर सही करायची, हे त्यांचं काम. त्यांची सही नसलेलं पान छपाईला जात नसे. शिवाय पुस्तकाच्या सुरुवातीला छापायचं ठरलं होतं, 'या ग्रंथातला सर्व तपशील यांनी पडताळला आहे', आणि खाली काकांचं नाव. काकांनी त्याच दिवशी मुलीला फोन लावला. "पोरी, पुस्तकात नाव येऊन राहिलं माझं," एवढं त्यांनी तीनदा सांगितलं.

दुपारी आम्ही हॉकर सेंटरमध्ये, एका छपराखालच्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांत, जेवायचो. तिथली रीत अशी, की रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि रांगेत जायचं. टेबल आपलं झालं. काका ते पाकीट बघून म्हणायचे, "ह्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने असंच केलं जी. आधी पक्षाचा सेक्रेटरी होता. राज्य बदललं तेव्हा खुर्चीवर पाकीट ठेवून बाहेर गेला, सूट बदलून आला, अन् बसला."

तिसरा राष्ट्राध्यक्ष ह्या पहिल्याचा जावई. पुस्तक काढणारा तोच. त्याने दोनदा घटना बदलून मुदत वाढवून घेतली होती. हे वाचून काका दोनदा हात धुऊन आले.

मधला दुसरा मात्र वेगळा. त्याच्याबद्दल बोलताना काका चमचा खाली ठेवायचे. हा माणूस काकांच्या कॉलेजात शिकवायचा. काका त्याला मास्तर म्हणायचे. "परीक्षेत मी शेजारच्याचं उत्तर उतरवलं होतं. बरोबर होतं उत्तर. मास्तरांनी विचारलं, हे तुझं? मी म्हटलं, हो. नापास केलं मला. अन् मग वर्षभर घरी बोलावून शिकवलं."

पुढे हा मास्तर खऱ्याखुऱ्या मतदानाने निवडून आला. दीड वर्षाने निवडणूक हरला आणि दुसऱ्या दिवशी आपली पिशवी घेऊन ट्रामने घरी गेला. हरल्यावर खुर्ची सोडणारा त्या देशातला तो एकटाच. पुस्तकात त्याची अकरा पानं होती. ती अकरा पानं वाचताना काका एकदाही बेसिनकडे गेले नाहीत.

छपाईच्या तोंडावर त्या कार्यालयाचा माणूस सिंगापूरला आला. आमच्या बॉसने त्याला खेकडे खायला नेलं. मी प्रुफं घेऊन सोबत होते. तो गृहस्थ तिखट रश्शात बरबटलेली बोटं चाटायचा आणि त्याच बोटाने पान उलटायचा. मास्तरांच्या अकरा पानांवर तांबडे डाग पडले. खेकड्याची नांगी फोडत तो म्हणाला, ही पानं काढा. हे गृहस्थ तात्पुरते होते, त्यांना आम्ही मोजत नाही. तिसऱ्याला दुसरा करा.

मला शिसारी आली. त्या बोटांची आली, आणि बॉस "Can, can", होऊन जाईल, म्हणत मान डोलवत होता त्याचीही आली. पण मी काय केलं? वहीत लिहून घेतलं, 'अकरा पानं कमी'.

काकांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाले, "सासरा अन् जावई, दोघंच उरले. मग इतिहास काहून म्हणता? घरचा अल्बम म्हणा." मी म्हटलं, "काका, आपण छापणारे. आपल्याला काय करायचंय?" ते म्हणाले, "तुम्ही छापा ना. माझं एकच मागणं आहे. एक तर मास्तरांचं नाव ठेवा, नाहीतर माझं काढा."

आणि त्यांनी सह्या थांबवल्या.

बॉसला हे कळेचना. "So serious for what? Coffee-table book only lah," म्हणाला. नाव काढायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. आपल्याच देशात शिकलेल्या परदेशी माणसाचं नाव त्यांना शोभेला हवं होतं. छपाईची तारीख डोक्यावर आली. काकांची सही मला पाठ होती, वर्षभर रोज बघत होते. बुधवारी दुपारी ते जेवायला गेले आणि मी उरलेल्या सगळ्या पानांवर त्यांची सही ठोकली. सेंगकांगला घरी जाऊन लेकीचा अभ्यास घेतला, भाजी फोडणीला टाकली. इतकी सोपी असते ही घाण.

पुस्तक छापून आलं. काकांनी पहिलं पान उघडलं, आपलं नाव बघितलं, मग माझ्याकडे. सही कुणी केली हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचा पास कंपनीने पुढे वाढवला नाही आणि महिन्याभरात ते निघाले.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला क्लेमेंटीच्या मेट्रो स्टेशनवर बोलावलं आणि पुस्तकाची एक प्रत हातात दिली. आत निळ्या पेनाने सगळं दुरुस्त केलेलं. जिथे जिथे जावई 'दुसरा' होता, तिथे 'तिसरा'. मधे कोरे कागद चिकटवून मास्तरांची हकीकत आपल्या हाताने लिहिलेली. सुरुवातीच्या पानावर स्वतःच्या नावावर काट मारून खाली, 'मी पडताळलेलं नाही', आणि सही. खरी सही.

"एवढी एक प्रत बरोबर आहे," म्हणाले. "ठेवा तुम्ही." आणि सरकत्या जिन्याने वर गेले.

मी ती प्रत कपाटात, जुन्या चादरींच्या खाली ठेवली. कुणी बघायला नको म्हणून.

तीन वर्षांनी नागपूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेले होते. ती म्हणाली, "ताई, बाबा नेहमी म्हणायचे, ते पुस्तक काही निघालं नाही. पण मला नेटवर त्याचं कव्हर दिसलं. बाबांचं नाव आहे का हो त्यात?"

"आहे," मी म्हटलं.

"मग एक प्रत पाठवाल? त्यांचं नाव छापलेलं दुसरं काही नाही आमच्याकडे."

माझ्याकडे दोन्ही प्रती होत्या. ऑफिसातली कोरी करकरीत, आणि चादरीखालची. मी दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. निळ्या पेनाची पाठवली तर ती विचारणार, बाबांनी पडताळलं नाही तर त्यांचं नाव छापलं कसं? मी स्वतःला समजावलं, पोरीचा बाप गेलाय, तिला बरं वाटू दे. मी कोरी पाठवली.

दुसऱ्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. भिंतीवर काकांची हार घातलेली तसबीर, खाली स्टुलावर ते पुस्तक, काकांचं नाव असलेलं पान समोर येईल असं उघडून ठेवलेलं. सोबत तिने लिहिलं होतं, 'ताई, घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.'