चाळणीने अडवलेला गोल

गल्लीत त्याला तोंडावर सोफेवाला म्हणत, कारण धंदा सोफे-गाद्या दुरुस्त करण्याचा. पाठीमागे मात्र चाळणी. मुलांच्या वॉर्डाच्या मदतीसाठी दरवर्षी फुटबॉलचा सामना व्हायचा, दुकानदार विरुद्ध इस्पितळवाले, आणि त्यात दुकानदारांचा गोलकीपर हाच. जमलेली मदत वॉर्डात जायची आणि दुकानदारांची अब्रू मैदानातच राहायची.

त्याला गोलात उभं करण्यामागे कोणाची काही योजना नव्हती. देह ऐसपैस, नुसता उभा राहिला तरी अर्धा गोल बुजायचा. उरलेल्या अर्ध्यातून बॉल जायचे. पण गडी खचणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात, ओठांतले बारीक खिळे हातात घेऊन, तो गिऱ्हाइकाला सांगायचा की तिसऱ्या गोलाला बोटं लागली होती बरं का, जरासाच निसटला. समोरचा न्हावी खुर्चीतल्या माणसाच्या गालावर फेस फिरवत म्हणायचा की बोटं लागली होती खरी, पण जाळीला.

यंदा सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्याची मेहुणी घरी आली. ती त्या वॉर्डात सिस्टर होती आणि सामन्याची खरी मालकीणही तीच. चहा घेता घेता तिने वॉर्डातल्या एका मुलीचं सांगितलं. नऊएक वर्षांची पोर, पायाचं मोठं ऑपरेशन झालेलं, कित्येक महिने पलंगावर. चालायचं नावच घेत नव्हती. शेवटी डॉक्टरांनी तिला सांगितलं, सामन्याची पहिली पेनल्टी तू मारायचीस. तेव्हापासून पोर वॉकर धरून व्हरांड्यात उतरायची आणि बँडेजच्या गुंडाळ्याला लाथा मारायची. तर आता बेत असा, की ती बॉल मारणार, गोल होणार, फुगे सुटणार आणि लोकांची मनं अशी भरून आली की लगेच मदतीच्या पेट्या फिरणार. बॉल डावीकडे येईल, याने उजवीकडे पडायचं. आणि पोरीला यातलं काही कळता कामा नये.

"तुम्हाला वेगळं काही करायचं नाही, भावोजी," मेहुणी म्हणाली. "दरवर्षी करता तेच करायचं."

बायको कपात तोंड घालून हसली. तोही हसला. पण जुन्या सोफ्यावर बसताना कापडाखालून एखादी स्प्रिंग टोचावी, तसं काहीतरी त्याला आत टोचलं. सकाळी दुकान उघडताच त्याने एक गादी जमिनीवर टाकली आणि उजवीकडे पडण्याचा सराव केला. इतका झकास पडला की न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

मैदान भरलं होतं. माइकवर वायरमन, फुग्यांची जाळी धरून औषधवाला, पहिल्या रांगेत वॉर्डातल्या मुलांचे आईबाप. पोर वॉकर टेकत आली. तो तिने स्वतःच बाजूला सारला, जरा डगमगली, सावरली. सगळं मैदान श्वास रोखून बसलं. तिने बॉल मारला.

बॉल डावीकडे निघाला. हळू, अगदी सावकाश, शिवण दिसावी इतका. सोफेवाल्याच्या आयुष्यात आजवर बॉल यायचे ते वाऱ्यासारखे. आले हे जाळी हलल्यावर कळायचं. हा एकच असा, की जो त्याच्याकडे बघत बघत येत होता. त्याने बॉल पाहिला. पोरीचा चेहराही पाहिला, उघडं तोंड, मिटलेल्या मुठी. आणि सगळं पाहून, सगळं समजून, त्याने डावीकडे उडी टाकली आणि बॉल पोटाशी धरला.

एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण तो उठला आणि दोन्ही हातांनी बॉल डोक्यावर उंच धरून नाचला.

वायरमन ठरल्याप्रमाणे माइकवर गोल गोल म्हणून ओरडून मोकळा झाला होता. औषधवाल्याने जाळी सोडली होती. फुगे वर चालले होते, कर्ण्यातून गोल घुमत होता, आणि खाली हा बॉल घेऊन नाचत होता. मग हळूहळू त्याच्या कानांत ती शांतता शिरली. पोर रडली नाही. तिने आपल्या पायाकडे पाहिलं, जणू चूक पायाचीच होती, आणि वॉकर ओढून घेतला. सिस्टरने दुसरा बॉल आणला, पुन्हा मार म्हणून विनवलं. पोरीने मान हलवली आणि गेली.

पुढे सामना झाला तो सामना म्हणायचा इतकंच. इस्पितळवाल्यांनी गोलावर गोल केले आणि त्याने एकही अडवला नाही. दरवर्षी यावर मैदान खदखदायचं. यंदा कोणी हसलं नाही. पेट्या फिरल्या, तेव्हाही माणसं मयताला आल्यासारखी गप्प होती.

घरी बायकोने ताट वाढलं. मग म्हणाली, "अहो, निदान नाचायचं तरी नव्हतं."

गल्लीने त्याला सोडला असता तर ती गल्ली कसली. दूधवाला पिशवी देताना झेला म्हणून फेकायचा. न्हावी गिऱ्हाइकांना बजावायचा की लेकरं घेऊन त्या दुकानासमोरून जाऊ नका, माणूस फॉर्मात आहे. सोफेवाला सगळ्यांना एकच सांगायचा, हात आपोआप गेले हो, काही कळलंच नाही. लोकांना ते पटायचं. पंचाईत अशी की त्याला पटत नव्हतं. हात आपोआप गेले नव्हते. त्याला सगळं कळलं होतं. पोरीचा चेहरा बघून त्याने उडी मारली होती, आणि ही गोष्ट तो बायकोलाही सांगू शकत नव्हता.

मेहुणीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण एका दुपारी ती दुकानात आली, बसली नाही, उभ्याउभ्याच सांगून गेली. पोर पलंगावरून उतरत नव्हती. बँडेजचा गुंडाळा तिने खिडकीतून फेकून दिला होता.

त्या दिवशी त्याने गिऱ्हाईक परतवलं. मखमलीचे उरलेले तुकडे काढले, वाकडी सुई घेतली आणि आत फोम ठासून एक मऊ बॉल शिवला. तो पिशवीत घालून वॉर्डात गेला. पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो पलंगाशी उभा राहिला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला, की हात आपोआप गेले गं बाळ.

पोरीने कूस बदलली. "काका, मग नाचलात कशाला?"

सोफेवाल्याच्या तोंडात खिळे असते तर बरं झालं असतं. बोलायचं टळलं असतं. शेजारच्या पलंगांवरची पोरंही बघत होती.

"मला कधी बॉल मिळालाच नव्हता," तो म्हणाला. "म्हणून घेतला. तुझा आहे हे मला माहीत होतं."

पोर त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग येत होता की कीव, हे काही त्याला ओळखता येईना. मग तिने पिशवीतून डोकावणाऱ्या बॉलकडे बोट केलं आणि वॉकर मागितला. व्हरांड्यात दोन खुर्च्या लावून गोल केला. तिने मारला, आणि तो उजवीकडे पडला, गादीवर सराव केला होता अगदी तसा. बॉल खुर्च्यांमधून गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ती हसली नाही. म्हणाली, "हे खोटं होतं. उठा."

मैदानावर शंभर माणसांत वाटली नव्हती इतकी लाज त्याला त्या व्हरांड्यात वाटली. तो उठला. पुढचा बॉल त्याने खरा अडवला. त्याच्या पुढचाही. मेहुणी दारातून डोळे वटारत होती. क्षमा मागायला आलेला माणूस आजारी पोरीचा एकही गोल होऊ देत नव्हता. पोर घामाघूम झाली तेव्हा थांबली आणि उद्या या म्हणाली.

तो रोज जाऊ लागला. दुकान लवकर बंद होऊ लागलं, तसं गल्लीने ठरवलं की याला मधुमेह झालाय आणि हा लपवतोय. पोर आधी वॉकर टाकून दोन पावलं यायची, मग चार. बॉल जोरात येऊ लागला. तो अडवायचा, आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून परत द्यायचा.

एका संध्याकाळी तिने उजवीकडे बघितलं आणि डावीकडे मारला. तो चुकीच्या बाजूला गेला. बॉल त्याच्या बाजूने निघून मागच्या दारातून वॉर्डातल्या पलंगाखाली शिरला.

"सोडलात?" तिने विचारलं.

"नाही गं. गेला."

तिने त्याचा चेहरा नीट तपासला. मग दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जागच्या जागी नाचली, एका पायावर जास्त भार देत, तोंड उघडं टाकून, अगदी त्याच्यासारखी.

आपण त्या दिवशी कसे दिसलो असू, ते त्याला तेव्हा दिसलं. बॉल काढायला म्हणून तो पलंगाखाली वाकला. बॉल हाताशीच होता, पण त्याला बाहेर यायला बराच वेळ लागला.