दुसरा एलिहिओ

नेफ्ताली बेरोआ तेरा वर्षांचा असताना त्याने टोलवलेला चेंडू साखर कारखान्याची भिंत ओलांडून उसाच्या आगगाडीच्या वाघिणीत पडला. प्रशिक्षक तुलिओ ओरडले, "अरे, हा तर दुसरा एलिहिओ!" झालं. एलिहिओ पेगेरो त्याच गावचा, अमेरिकेत एकोणीस वर्षं बेसबॉल गाजवलेला. तेव्हापासून नेफ्तालीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी एक आईच उरली.

तुलिओंनी त्याची उभं राहायची ढब मोडून एलिहिओसारखे गुडघे वाकवायला लावले. सोळाव्या वर्षी अमेरिकेतल्या एका संघाने त्याला उचललं. तिथे बरा खेळला की कुणी काही बोलत नसे. चुकला की पेपरात यायचं, 'या वयात एलिहिओ...' तिसऱ्या मोसमात त्याला चेंडू दिसेनासा झाला. डोळे तपासले, ठणठणीत होते. एकविसाव्या वर्षी मॅनेजरने हातात घरी परतायचं विमानाचं तिकीट ठेवलं. नेफ्तालीला रडू आलं नाही. भूक लागली होती, म्हणून जेवला.

"काय एलिहिओ, आलास का परत?" न्हाव्याच्या दुकानातून हाक यायची. तो नुसता हात वर करायचा. मग मोटारसायकलवर प्रवासी नेऊ लागला. सोळा वर्षं तेच.

गेल्या मार्चमध्ये खरा एलिहिओ नव्या मैदानाच्या उद्घाटनाला आला. उसाची आगगाडी फाटकात अडकून पडली आणि त्याची मोटार खोळंबली. म्हातारा उतरला आणि फाटकापाशी मोटारसायकल घेऊन थांबलेल्या नेफ्तालीच्या मागे सरळ येऊन बसला.

"पायवाटेने काढ बाबा. पण हळू, गुडघे गेलेत माझे."

थोडं पुढे गेल्यावर नेफ्ताली म्हणाला, "मला दुसरा एलिहिओ म्हणायचे."

"तूही का?" म्हातारा हसला. "गावोगाव एकेक भेटतो. मला दुसरा फाबियान म्हणायचे."

"फाबियान कोण?"

"मला तरी काय ठाऊक! मी जन्मायच्या आधीच मेला होता. पण दहा वर्षं धड झोपू दिलं नाही मेल्याने."

राग येईल, निदान हलकं तरी वाटेल, म्हणून नेफ्तालीने वाट पाहिली. काहीच आलं नाही. मैदानापाशी म्हातारा उतरला, त्याच्या खांद्यावर थोपटून गर्दीत शिरला.

घरी बायकोने, युडेल्काने, विचारलं, "काय म्हणाला?"

"गुडघे दुखतात म्हणाला."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

तिने भात आणि घेवडा वाढला. तो जेवला. चार वाजता एका बाईला कोंबड्यांसकट बाजारात पोचवायचं होतं.