हेलनबाईंचे हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो — मक्याचं पीक, थंडी, माझे गुडघे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल.

आयोवातल्या एका लहानशा गावात माझी सगळी नोकरी झाली, केमिकल इंजिनिअर म्हणून. गावाबाहेर मक्याच्या शेतांच्या मधोमध, ओकच्या झाडांखाली, एक जुनं कबरस्तान आहे. हे गाव वसवायला जी माणसं बैलगाड्यांतून आली, ती तिथे पुरलेली. मी निवृत्त झालो तेव्हा ते सगळं काटेरी झुडपांत बुडालं होतं. त्यातून ते पुन्हा वर काढलं हेलनबाईंनी.

त्या पियानो शिकवायच्या. उंच, सडपातळ, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचं स्वतःचं कुणीही तिथे पुरलेलं नव्हतं. मग कशासाठी? मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "प्रभाकर, शेजारी आहेत ते. शेजाऱ्यांचं दार पडलं तर आपण बघत बसतो का?" गुडघ्यांवर बसून त्या एकेक दगड धुवायच्या — मऊ ब्रश आणि साधं पाणी, बाकी काही लावायचं नाही हा त्यांचा नियम. पुसट अक्षरं वाचायला आरसा धरून दगडावर तिरपं ऊन पाडायच्या. नाव लागलं की मोठ्यानं म्हणायच्या, हजेरी घेतल्यासारखं. तसं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

तिथे एक छोटा संगमरवरी दगड होता. वर कोरलेलं कोकरू, म्हणजे लहान मुलाची कबर. नाव लागत नव्हतं. चर्चच्या जुन्या नोंदी आगीत गेलेल्या, त्यामुळे ते नाव जगात फक्त त्या दगडावर उरलेलं. हेलनबाई म्हणायच्या, घाई नको, शरदातलं उतरतं ऊन येऊ दे, मग देईल ते.

मला घाई होती. मे महिन्यात मेमोरियल डेला गाव तिथे फुलं घेऊन जमतं. म्हटलं, त्याआधी हे कोकरू लख्ख करू. बाईंना चकित करू — खरं सांगू? त्यांनी मला शाबासकी द्यावी, एवढंच होतं ते.

आमच्या घरी दिवाळीआधी देव घासायचं काम लहानपणापासून माझं. चिंचेचा कोळ लावायचा, काथ्यानं घासायचं, पितळ सोन्यासारखं निघतं. मी स्वयंपाकघरातून चिंचेचा गोळा उचलला आणि एकटाच तिथे गेलो.

आम्ल संगमरवर खातं, हे मला माहीत नव्हतं? नववीतल्या पोरालाही माहीत असतं. माझा तर तो धंदाच होता. पण चिंचेला मी आयुष्यात कधी आम्ल म्हटलेलंच नव्हतं — चिंच म्हणजे देव, आई, दिवाळी. दगड आधीच आतून भुसभुशीत झालेला. काथ्याखाली पांढरी पिठी निघत राहिली आणि मला वाटलं, मळ निघतोय. पाणी ओतलं तेव्हा कोकराला तोंड नव्हतं. खाली अक्षरंही नव्हती.

घरी बायको म्हणाली, "अहो, चिंच कुठे गेली? लपूनछपून आमटी करताय की काय?" मी हसलो. तेवढं जमलं मला.

कबरस्तानाच्या कामात बाईंना मदत करणाऱ्या आम्हा गावकऱ्यांची चर्चच्या तळघरात बैठक व्हायची; पुढच्या बैठकीत हेलनबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मीच मागच्या वर्षी तो दगड धुतला होता. माझा हात जड पडला असणार." आवाज शांत होता. सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. मीही घातली — हो, मीसुद्धा. मागच्या बाकावरून म्हटलं, "जुना दगड होता, बाई, व्हायचंच कधीतरी."

त्यानंतर त्यांनी कुठल्याच दगडाला हात लावला नाही. ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तुझे हात सावध आहेत. स्वतः झाडाखाली खुर्ची टाकून बसायच्या आणि आम्हाला शिकवायच्या. आज ते कबरस्तान जिल्ह्यात सगळ्यात नीट राखलेलं आहे. लोक लांबून बघायला येतात. सगळं त्यांचं आहे ते — बसल्या जागेवरून, स्वतःच्या हातांवर विश्वास उरलेला नसताना केलेलं.

शेवटी त्या वृद्धाश्रमात होत्या. सांगायचंच असं ठरवून मी गेलो. आमच्या गप्पा झाल्या. त्यांनी कबरस्तानातल्या गवताची चौकशी केली, मग स्वतःचे हात मांडीवर उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "त्या मुलाचं नाव माझ्यामुळे गेलं." मी तोंड उघडलं. नर्स गोळ्या घेऊन आली. ती गेली, मग मी हवेबद्दल बोललो. उन्हाळ्यात त्या वारल्या.

त्या दिवशी वृद्धाश्रमाकडे गाडीत जाताना वाक्यं पाठ केली होती, इंग्रजीत, लहानच होती. हेलन, तो दगड मी घासला. तुमच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. मला —