फिलोमेन आणि तिची झील

फिलोमेनला आमच्या सात गावांत शिवणामुळे ओळखत आणि गाण्यामुळे मानत. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या या आतल्या डोंगराळ मुलखात शिवणारी बाई घरी बसून शिवत नाही. सकाळी कात्री, फीत, सुयांची डबी पिशवीत टाकायची आणि ज्या शेतकऱ्याकडे काम असेल त्याच्याकडे दिवसभर जाऊन बसायचं. फिलोमेन अशी चौदाव्या वर्षापासून हिंडली. सहा वर्षांनी धाकटी बहीण सोआझिग मोठी झाली, तेव्हा दोघी हिंडू लागल्या. एकीनं कापायचं, दुसरीनं टाचायचं. आई गेलेली, बाप समुद्रावर गेला तो गेलाच. घरात दोघीच. सोआझिग तिला मेना म्हणे.

गाणं आईकडून आलेलं. आमच्याकडचं नाचाचं गाणं एकटीनं होत नाही, त्याला दोन गळे लागतात. एक जण ओळ म्हणते. ओळ संपत आली की शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर दुसरी आत शिरते आणि तीच ओळ पुन्हा एकटी म्हणते, आणि तिच्या शेवटच्या अक्षरांवर पहिली परत येते. मधे श्वासाएवढीही फट राहता कामा नये, कारण खाली गोल धरून नाचणाऱ्यांचे पाय त्या आवाजावर पडत असतात. फट पडली की पाय अडखळतात. दोघींत फिलोमेन पुढची. झील धरायची सोआझिगनं. कायम हेच. आईनं तसं लावून दिलं होतं, आणि त्यात काही बदलावं असं कुणाला कधी वाटलं नाही.

कुणाचं लग्न असो, गावच्या संताची जत्रा असो, की नव्या खळ्याची जमीन नाचून नाचून घट्ट करायची असो, दोघींना टेबलावर उभं करायचे. तिथून सगळा गोल दिसे. कोण कुणाशेजारी घुसलं, कुणी कुणाची करंगळी जरा जास्तच घट्ट धरली, हे आईबापांच्या आधी या दोघींना कळे. त्यांच्या गाण्यावर निदान तीसएक लग्नं जमली असतील. स्वतः मात्र दोघी कधी खाली उतरल्या नाहीत. त्या उतरल्या तर नाच कोण चालवणार? शेजारची मारियान त्यांना येताजाता टोचायची, "दुसऱ्यांच्या पोरींना नाचवून नाचवून नवरे मिळवून दिलेत. तुमचं घोडं कुठं पेंड खातंय?"

दोघी हसत. घरी येताना मात्र हाच विषय असे. बूट हातात घेऊन ओल्या गवतातून चालताना, आज वरून कोण कसा दिसला, कुणाला पाय जड आणि कुणाला जीभ जड, याची उजळणी चाले. फिलोमेनचा जीव एका गवंड्यावर होता. त्याच्या मनात काय आहे हे तिला त्याच्या लग्नातच कळलं, कारण त्या लग्नातही टेबलावर तीच उभी होती. त्या दिवशी सोआझिगनं झील इतक्या लवकर उचलली, इतकी पुढे येऊन उचलली, की फिलोमेनला अर्धीच ओळ म्हणावी लागे. त्यानंतर फिलोमेननं गोलाकडे पाहणं सोडलं. ती समोरच्या झाडांकडे बघून गाऊ लागली.

सोआझिग मात्र बघत होती. गिरणीवाल्याचा लोमिग गोलाच्या तोंडाशी असायचा. नाच ओढून न्यायचा तो त्यानंच. टेबलासमोरून जाताना तो मान वर करायचा, आणि नेमकी तेव्हाच सोआझिगची ओळ असायची.

आता आमच्याकडची सोयरीक सांगते. मुलाकडून शिंपी जातो. म्हातारा फान्श शिंपी हे काम करायचा. पिवळ्या फुलांच्या झुडपाची फांदी हातात धरून तो मुलीच्या दारात येई आणि आत पाऊल टाकताच आधी चुलीकडे बघे. चुलीतली कोलितं नेहमीसारखी आडवी असली तर बसायचं, खायचं, विषय काढायचा. ती भिंतीला टेकवून उभी केलेली असली तर ते नाही समजायचं. मग शिंप्यानं हवापाण्याचं बोलायचं, धिरडं खायचं आणि उठायचं. नकार कुणी तोंडानं देत नाही, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. आणि झाल्या गोष्टीबद्दल पुढे कुणी कुणाला विचारत नाही.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल, फेब्रुवारीतला गुरुवार. सोआझिग पलीकडच्या वाडीवर शिवायला गेलेली. फिलोमेन चुलीवर कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होती. खिडकीतून तिला फान्श शिंपी उतारावरून येताना दिसला, आणि त्याच्या हातातली फांदीही दिसली. तो कुणाकडून आणि कुणासाठी येतोय हे तिला सांगावं लागलं नाही.

ती पुढे कित्येकदा स्वतःशी म्हणायची की आपण विचार केलाच नव्हता, हात आपोआप गेला. ते काही खरं नव्हतं. शिंपी फाटकाशी चिखल झटकत होता तेवढ्यात तिनं पुरता विचार केला होता. सोआझिग गिरणीवर राहायला जाईल. मग मी ओळ म्हणेन आणि ती ओळ तशीच पडून राहील. तिनं चुलीचा चिमटा उचलला आणि तिन्ही कोलितं एकेक करून मागच्या भिंतीला उभी केली.

फान्श आत आला. त्यानं चुलीकडे बघितलं, मग फिलोमेनकडे. यंदा पाऊस फार झाला असं म्हणाला. एक धिरडं लोणी लावून खाल्लं, तोंड पुसलं आणि गेला.

एप्रिलमध्ये लोमिग अमेरिकेला गेला. आमच्याकडची निम्मी पोरं तेव्हा न्यूयॉर्कच्या हॉटेलांत वाढपी म्हणून जात होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सोआझिगनं बातमी ऐकली आणि हातातल्या कपड्याचं काज पुरं केलं. त्या महिन्यात ती जरा कमी जेवली, एवढंच. फिलोमेनला वाटलं, हिला कळलंच नाही. त्यानं विचारलं नाही असं समजून बसली असेल, विसरेल.

पुढे बारा वर्षं दोघी गात राहिल्या. नाचणारे आणखी लांबलांबून येऊ लागले. लोक म्हणत, या दोघींचा आवाज कुठे तुटतो आणि कुठे जुळतो ते देवालाही सांगता यायचं नाही. साठ सालच्या थंडीत सोआझिगच्या छातीत कफ झाला आणि नऊ दिवसांत ती गेली. छत्तीस वर्षांची होती.

दफनाला महिना उलटल्यावर फिलोमेन इस्त्री करत होती. हाताला ताल लागला तशी तोंडात ओळ आली. ओळ संपायला आली, आणि शेवटच्या तीन अक्षरांवर मागून, शिवणयंत्राच्या कोपऱ्यातून, दुसरा आवाज आला. आवाजाच्या आधी श्वास आला. सोआझिगला तशी सवय होती, ओळ उचलण्याआधी नाकानं पटकन एक घोट हवा घ्यायची. फिलोमेननं इस्त्री उभी ठेवली. मागे वळून पाहिलं नाही. पूर्ण ओळ ऐकली आणि शेवटच्या अक्षरांवर, जशी लहानपणापासूनची सवय, स्वतः परत आली.

आमच्याकडे मेलेली माणसं फार लांब जात नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी आपण त्यांच्यासाठी दूध आणि धिरडी झाकून ठेवतोच. ज्यांचं काही विचारायचं राहून गेलं असेल ती बाराही महिने घरातच असतात. त्यांना उत्तर मिळालं की जातात. हे फिलोमेनला लहानपणापासून ठाऊक. सोआझिग कशासाठी थांबली आहे हेही तिला ठाऊक होतं. आणि म्हणूनच तिनं तोंडाला कुलूप घातलं. पाद्र्यापुढे पापं सांगायला बसली की आळस सांगायची, राग सांगायची, उपासाच्या दिवशी डुकराची चरबी खाल्ली ते सांगायची. कोलितांचं कधी नाही. ते एकदा बोललं की तो कोपरा रिकामा होणार. दहा वर्षं तिनं ते पाप भुकेल्यानं भाकरी राखावी तसं राखलं.

लोक दुसरी जोडीदारीण घेऊन येत. चांगल्या गळ्याच्या बाया होत्या. फिलोमेन म्हणे, घसा बसलाय. एकदा बळेच उभं केलं होतं. तेव्हा ओळीच्या शेवटी तिला दोन आवाज एकदम आले, शेजारी उभी असलेली बाई उचलत होती आणि तिच्या आवाजाच्या आतून सोआझिग. ती टेबलावरून उतरली ती पुन्हा गेली नाही. घरात मात्र दार लावून रोज गायची. मारियान भिंतीपलीकडून ऐके. तिला एकच आवाज ऐकू येई, मधे मधे ओळीएवढी शांतता, आणि मग पुढची ओळ. तिनं कधी विचारलं नाही.

सत्तर साली जुलैत, जत्रेच्या दिवशी, प्रार्थना आटोपल्यावर लोमिग फिलोमेनच्या दारात आला. डोक्यावरचे केस गेलेले, अंगात हलका परदेशी कोट, पण चालणं तेच. तिकडे लग्न झालं होतं, बायको वारली होती, मुलं मोठी होती. आईची कबर बघायला आलो म्हणाला. सोआझिगचीही बघून आलो म्हणाला. फिलोमेननं त्याला बसवलं, सफरचंदाची दारू वाटीत ओतली, तवा ठेवला. तिकडच्या उन्हाळ्याचं बोलणं झालं, गिरणीचं चाक पडलं त्याचं झालं. मग त्यानं विचारलं,

"तिनं कधी माझं नाव काढलं?"

फिलोमेनच्या हातात पिठाचं भांडं होतं. नाही म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. नाही, कधी काढलं नाही. एवढं म्हणून त्याला घालवता आलं असतं, आणि संध्याकाळी कोपरा होता तिथे राहिला असता. पण हा माणूस बावीस वर्षं आपल्याला सोआझिगनंच नाकारलं असं समजून जगला, आणि उद्या तसाच जहाजावर चढणार, हे तिला समोर बसलेलं दिसत होतं. तिनं भांडं खाली ठेवलं. कोपऱ्याकडे एकदा बघितलं, निरोपाला बघतात तसं.

"ती कोलितं मी उभी केली होती, लोमिग. ती घरी नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं."

लोमिगनं वाटी फिरवली.

"तिला ठाऊक होतं," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तेव्हा तो रीत मोडून त्या रविवारी चर्चच्या पडवीत तिला गाठून विचारून बसला होता. ती गुरुवारी वाडीवर होती. तिला दोन शब्दांत सगळं उमगलं. तो म्हणाला, चल माझ्याबरोबर, बहिणीला नंतर कळवू. ती बराच वेळ हातमोजे ओढत राहिली.

"म्हणाली, मी आले तर मेना ओळ कुणाकडे टाकेल? आणि म्हणाली, मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. तिचा गळा बसेल." लोमिगनं वाटी खाली ठेवली. "मी एप्रिलपर्यंत थांबलो. रोज वाटायचं, येईल."

फिलोमेनला बसायला बाक सापडेना.

"मग इतक्या वर्षांनी मला का विचारलंस?"

"तू आपणहून सांगतेस का, ते बघायला. सांगितलंस." तो उठला. "माफ करायला नाही आलो मी. ते तिचं काम, आणि तिनं ते केलं की नाही मला माहीत नाही."

तो गेल्यावर तवा जळत होता तो तिनं उतरवला. बारा वर्षं. त्या बारा वर्षांतली प्रत्येक ओळ सोआझिगनं सगळं ठाऊक असताना उचलली होती. खळ्यावर, लग्नांत, पावसात. कुठल्याच ओळीला फट पडू दिली नव्हती. त्यात माया किती होती आणि शिक्षा किती, हे फिलोमेनला आता कुठून कळणार?

तिनं भीत भीत एक ओळ म्हटली. शेवटच्या तीन अक्षरांआधी नाकानं घेतलेला श्वास आला, आणि आवाज आला. काहीच बदललं नव्हतं. तो आवाज काही विचारत नव्हता. त्याला विचारायचं असं कधी काही नव्हतंच. तो नुसती तिचीच ओळ तिला परत देत होता, जन्मभर दिली तशी. एवढ्या वर्षांत सोआझिगला स्वतःची अशी एकही ओळ मिळाली नव्हती.

फिलोमेननं पुढची ओळ धरली नाही. बाक ओढून तिनं शिवणयंत्राच्या कोपऱ्याकडे तोंड केलं, हात मांडीवर ठेवले आणि ओठ किंचित उघडे ठेवून बसली, शेवटची अक्षरं उचलायला तयार.

मैदानातून जत्रेचा कर्णा वाजत होता. दुपार कलली तेव्हा मारियान तिला न्यायला आली. दारातच थबकली. जळक्या धिरड्याचा वास, लावलेली खिडकी, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली ही.

"कुणाची वाट बघतेस गं?"

"सोआझिगची. आज सुरुवात तिनं करायची."

मारियाननं टोपली खाली ठेवली, एप्रन सारखा केला आणि तिच्याशेजारी बाकावर बसली. बराच वेळ दोघी ऐकत राहिल्या. कोपऱ्यातून काही येत नव्हतं.

"घाई करू नकोस तिला," मारियान हळूच म्हणाली. "सवय नाही पोरीला."