दुसरा बोकड

माझं माहेर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, तेव्हा मी पाळण्यात होते. त्यामुळे देवाशी माझी कधी ओळखच झाली नाही. आणि लग्न झालं ते ख्रिस्ती उपदेशकाशी. नशीबही कधी कधी चेष्टेवर येतं.

यांची नेमणूक लातूर जिल्ह्याच्या टोकाला एका गावी होती. ओढ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे नांदेड जिल्हा. आमचा जिल्हा नवाकोरा, आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ. टँकर मागायला गेलं की जुन्या जिल्ह्याचे साहेब म्हणत, तुम्ही आता लातूरचे. लातूरचे म्हणत, तुमचे कागद अजून आले नाहीत. वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीची विहीर आटली. पाणी उरलं होतं ते गावातल्या विहिरीला, आणि तिथं पोहरा टाकायला आम्हाला अजूनही पाटलांचा होकार लागायचा.

एका रविवारी यांनी लिंबाखाली प्रवचन केलं. यहूदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस, त्यात दोन बोकड. एक देवापुढे कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजकानं सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवायची आणि त्याला रानात सोडायचं. पुढं सांगायचं होतं ते असं, की येशूच हे दोन्ही बोकड झाला. शहराच्या वेशीबाहेर मेला, सगळ्यांची पापं घेऊन गेला, सगळ्यांचं तारण झालं, आता बोकडाचं काम उरलं नाही. पण हाताला काम नाही म्हणून ऐकायला आलेली गावातली मंडळी दुसऱ्या बोकडापाशीच उठून गेली. अर्धं प्रवचन ऐकून उठणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

दुसऱ्या दिवशी पाटील दारात.

"पास्टरसाब, तुमचा दुसरा बोकड आमाला लई पटला. आमची बी रीत तीच हाय, इडापीडा वेशीबाहेर काढायची. पन नेनार कोन? वस्तीतले बौद्ध झाल्यापासून बोकडाच्या दोरीला हात लावीनात."

"ते एकदाच झालं, सगळ्यांसाठी," हे म्हणाले. "परत करायची गरज नाही."

"एकदाच झालं म्हंता, मंग दुष्काळ परत कसा आला?" पाटील उठले आणि जाता जाता म्हणाले, "बोकड गेला की वस्तीला विहीर मोकळी."

हे तयार झाले. मला राग आला. "जन्मभर सांगता बळी पुरे झाले, आणि आता स्वतःच बोकडाची दोरी धरणार?"

"बोकडावर माझा विश्वास नाही गं. पण लेकरांना पाणी पाहिजे."

मी रिकामी भांडी आपटली.

पहिल्या बोकडाचं देवळापुढं यथासांग झालं; त्याच्या मटणाबद्दल कोणाला काही शंका नव्हती. दुसऱ्याच्या डोक्यावर पाटलांनी हात ठेवला आणि म्हणाले, सांगा पापं. सांगितली की. भावानं भावाची, सासूनं सुनेची. स्वतःचं एकानंही सांगितलं नाही. विहीर अडवल्याचं तर कोणाला आठवलंही नाही.

हे बोकड घेऊन ओढ्यापलीकडं गेले, दोरी सोडली आणि परत फिरले. तर वेशीवर पाटील आडवे. "अंगुळ करून या. पापाला हात लागलाय."

यांना हसू आलं. नियम यांच्याच पुस्तकातला होता: बोकड सोडून येणाऱ्यानं कपडे धुवून, आंघोळ करूनच छावणीत यायचं. तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"आंघोळीला पाणी?" मी विचारलं.

"हिरीत हाय की."

"मग काढू द्या."

"पास्टरसाब शुद्ध होऊन आत आले की काढा."

घरात अर्धी घागर होती. ती घेऊन मी ओढ्यात उतरले. हे परत जाऊन कोरड्या वाळूत बसले होते, बोकड आपणहून परत येऊन शेजारी उभा. मी घागर यांच्या डोक्यावर ओतणार, तर म्हणाले, "नको, वाया जाईल." घोटभर प्यायले आणि बाकीचं लेकरांना ठेव म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी यांचा हात धरला. म्हणजे आता मलाही पाप लागलं. म्हटलं, चला.

आम्ही निघालो, मागं बोकड. पाटलांनी आडवा धरलेला हात आखडून घेतला. आम्हाला थांबवायचं तर धरावं लागणार, आणि धरलं तर सगळ्या गावाचं पाप अंगावर. माणसं भराभर मागं सरली. याच विटाळापायी माझ्या आईबापांनी जन्म वेशीबाहेर काढला होता. त्या दिवशी त्यानंच आम्हाला वाट करून दिली. विहिरीपाशी गेल्यावर मी पोहरा आत सोडला. माझा हात धरायला कोणीही पुढं आलं नाही.