काहील उतरेपर्यंतची गोष्ट

माझे धाकटे दीर, धोंडीभाऊजी, लढाईची गोष्ट सांगताना कधी 'मी' म्हणत नसत. ब्रह्मदेशातून ते परत आले तेव्हापासून त्यांच्या गोष्टीत एकच मर्द होता, शेजारच्या हौसामावशींचा बाळू. दोघे एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन भरती झाले होते. परत आले ते एकटे भाऊजी, फौजेतला खाकी सदरा घालून.

सांगलीकडे आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं की काहिलीभोवती, रस आटवायच्या त्या मोठ्या कढईभोवती, माणसं जमत. रसाचा गूळ होईपर्यंत कोणीतरी गोष्ट चालवायची आणि काहील उतरली की संपवायची, अशी रीत होती. आधी संपली तर सांगणाऱ्याची टर उडे. पहिल्या खेपेला भाऊजींनी गोष्टीतल्या बाळूला एका गोळीत संपवलं, तर रसावर अजून मळी तरंगत होती आणि गडी विचारत होते, "मग रं?" तेव्हा बाळू पुन्हा उठला आणि संगीन घेऊन धावला. पुढच्या काहिलीला त्याने जपानी लोळवले. नंतर नंतर तर तो छातीवर गोळ्या झेलत मशीनगनवर चालून जाऊ लागला.

"डोळ्यांत पानी न्हाई, तोंडात हाय न्हाई," भाऊजी म्हणत. "मर्द म्हंजी काय, त्ये तवा बघितलं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्यांची नजर मात्र जाळाकडे असे. ऐकून तरणी पोरं दंड थोपटत आणि आम्ही बायकाही कौतुकाने माना डोलवत असू. हौसामावशी तिथेच चिपाडं वाळत घालत असायच्या, आणि त्यांच्याकडे बघायचं कोणाला सुचलं नाही. आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका दुपारी मावशी हातातली चिपाडं टाकून काहिलीपाशी आल्या.

"धोंडी, ह्यो कुनाचा बाळू रं?"

भाऊजी हसायला गेले. "आवं मावशी, तुमचाच की."

"न्हाई. माझा ईज कडाडली की पदराखाली शिरायचा. मिसरूड फुटलं तरी शिरायचा. तुज्या बाळूला मी वळखत न्हाई."

एक गडी समजावू लागला, "मावशी, वाघ हुता तुमचा ल्योक."

"म्या वाघ न्हवता जलमाला घातला. धोंडी, माझा कसा गेला त्ये सांग."

भाऊजींची मान खाली गेली. एवढा उंचापुरा माणूस, पण शरमेने कानशिलं लाल झाली. हातातलं ढवळणं थांबलं. मग ते बोलले, ते जमिनीकडे बघतच.

"आमी लढलोच न्हाई, मावशी. खड्ड्यात लपून हुतो. वरनं गोळा पडला, त्याच्या पोटात लागलं. त्यानं माझा हात धरला. मी त्याला उचलून न्याला पायजे हुतं, पर मी भ्यालो. तसाच बसून ऱ्हायलो. लाज वाटली, म्हून त्याला मोठा केला."

"रडला का रं?"

"लय रडला. सारखा तुमास्नी हाक मारत हुता."

मावशी मटकन खाली बसल्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "ह्यो माझा." आणि बाळू गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडल्या.

भाऊजी खालमानेने पुन्हा ढवळू लागले. "मग रं?" असं कोणी विचारलं नाही. गोष्ट संपली होती, आणि काहिलीतला रस अजून उकळायचाच होता.